एका बाऊलपुरतं शहाणपण

बेळगावहून बागलकोट रस्त्यानं निघालं की दहाएक किलोमीटरवर आमचं सांबरा लागतं. बाहेरच्यांना ते विमानतळामुळे ठाऊक. एकीकडे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, दुसरीकडे भात, ऊस, भाजीपाला. अशा गावात साठीला टेकलेल्या बाईनं तांदळाच्या नूडल्सवर भाजलेली कोळंबी रचून वर पुदिना पेरत बसावं, याचं समर्थन करायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. बंगळुरूला राहणाऱ्या लेकीनं व्हिएतनामी पद्धतीचा असा बाऊल खायला घातला आणि जिभेनं तो लक्षात ठेवला, एवढंच. खाली गार नूडल्स, वर विस्तवावरून नुकतंच उतरलेलं काहीतरी, बाजूला कच्च्या भाज्या, आणि ओतायला आंबट-गोड-खारट-तिखट पाणी. कृती कुणीही सांगेल. मी सांगतेय ते त्या निमित्तानं उमगलेलं. तुम्हाला ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या पदार्थानं शिकवलं असेल.

१. आधी मासा, मग बेत. समुद्राकाठच्या माणसानं बेत ठरवून बाजारात जावं. आम्ही बाजार बघून बेत ठरवावा. आमच्याकडचा मासा गोव्याहून, कारवारहून घाट चढून येतो. पणजीहून चोर्ल्याच्या वाटेनं धरलं तरी शंभरावर किलोमीटर. म्हणजे तो माझ्या हाती पडतो तेव्हा निम्मं काम बर्फानं केलेलं असतं, किंवा बिघडवलेलं. बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटात गेले काय किंवा मोटारसायकलला डबा बांधून दारावर येणाऱ्याला हाक मारली काय, मी आता माशाच्या डोळ्यांआधी बर्फ बघते. बांगडा नुसता कोमट राहिला तरी त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून, भाजून, उकळून जात नाही. झणझणीत मसाल्यापुढे सगळं नमतं, हा माझा जन्माचा विश्वास. रसायनशास्त्राला तो मान्य नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यात माशांतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर तिथल्या सरकारनं काही काळ बंदी घातली, तेव्हा आमच्या गल्लीतही मासा उलटसुलट करून बघायची साथ आली होती. साथ ओसरली, माझी बर्फ बघायची सवय राहिली. मनात कोळंबी असते आणि डब्यात माणक्या निघतात, म्हणजे शहरातल्या हॉटेलांत ज्यांना स्क्विड म्हणतात त्या. मग बाऊल माणक्यांचा होतो. माशाशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

२. स्वयंपाकघरात माझ्या वरचा एक साहेब आहे आणि तो भिंतीवर खिळ्याला लटकतो: कॅलेंडर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. ऑगस्टात समुद्र उघडतो, तर तोवर आमच्या घरी श्रावण लागलेला असतो. श्रावण संपतो तर गणपती येतात, गणपती जातात तर पितृपक्ष, मग नवरात्र. सरकार आणि पंचांग यांनी एकमेकांशी न बोलता माशांचं इतकं रक्षण केलंय की मला कधीकधी संशय येतो. त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी. उरलेल्या वारांत मासेवाल्याचा येण्याचा दिवस बसला पाहिजे. लेक म्हणते, फ्रोजन कोळंबी आण आणि मोकळी हो. आणतेही कधी. पण दसऱ्यानंतर पहिली ताजी कोळंबी शेगडीवर पडते तेव्हा घरातली माणसं न बोलावता स्वयंपाकघरात येऊन उभी राहतात, हे फ्रोजनच्या पाकिटाला अजून जमलेलं नाही.

३. आपल्या कौतुकाचा तांदूळ सगळ्याच कामांना लायक नसतो. आमच्या भागात इंद्रायणी पिकते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण: मऊ, जरा चिकट, वासाचा. पाहुण्यांपुढे मिरवायचा भात तो. नूडल्स घरीच दाबायच्या ठरल्यावर माझा हात त्याच्याच डब्याकडे गेला, तर सासूबाई म्हणाल्या, "त्याचं पीठ नको. जाडा घे, जुना घे." सासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. उकडलेलं तांदळाचं पीठ लाकडी साच्यातून दाबून शिरवळ्या काढायच्या आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या, हे त्यांचं बालपण. कारण मी नंतर वाचलं. तांदळाच्या पिठात अमायलोज नावाचा घटक जास्त असेल तर शेवई सुटी आणि ताठ राहते, कमी असेल तर गोळा होतो. आग्नेय आशियातही नूडल्सना असाच जास्त अमायलोजचा तांदूळ घेतात. ज्या जाड्या तांदळाला आम्ही घरच्यांपुरता म्हणून मागच्या कोठीत ठेवतो, तो इथे पंक्तीच्या मध्यभागी बसतो. सासूबाईंनी अमायलोज हा शब्द ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "असेल. आम्ही जाडाच घ्यायचो."

४. विकतच्या रामेनचा पिवळा रंग बऱ्याचदा अंड्याचा नसतो. तो खाराचा असतो. गव्हाच्या पिठात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटसारखे क्षार घातले की पिठातली मुळात रंग नसलेली द्रव्यं पिवळी पडतात, आणि नूडल चिवट, उसळती होते. हे वाचल्यावर पापडखाराच्या पुडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालताना चिमूट-चिमूट मोजणाऱ्या बायकांना कुणी सांगितलं असतं की टोकियोतला माणूस हेच करतोय, तर त्या म्हणाल्या असत्या, त्याला सांग बेतानं घाल, जास्त झाला तर साबणासारखं लागतं. चीनमध्ये लाजिया इथे मातीत उलट्या पडलेल्या एका वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. त्या भरडधान्याच्या होत्या असं संशोधकांचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालणारेही संशोधकच. कणीक ओढून लांब करायची बुद्धी माणसाला फार आधीच सुचलेली, एवढं मात्र त्यातून दिसतं. मी ती साठीला शिकतेय.

५. "हे आपल्याकडे आधीपासून होतंच" हे वाक्य अर्ध्यावर सोडावं. बाऊल करायला घेतला आणि एकेक ओळखीचा चेहरा भेटायला लागला. सेचुआन मिरी म्हणून जी जीभ बधिर करणारी फळं लेकीनं आणली, ती आमच्या तिरफळांची सख्खी बहीण. दोन्ही एकाच वनस्पतीकुळातल्या, एकाच प्रजातिसमूहातल्या. सासूबाई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात, बी टाकून नुसती सालं, आणि चीनमध्येही बी टाकूनच वापरतात. थाई रश्शातलं लेमनग्रास म्हणजे आमच्या मोरीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा. मलेशिया-थायलंडकडची कोळंबीची पेस्ट बहुधा ज्या चिमुकल्या जिवांना मीठ घालून आंबवून करतात, ते म्हणजे आपला जवळा. आमच्या घरच्यांना हे कळल्यावर त्यांची छाती इतकी फुगली की जेवताना ते नूडल्सही आपल्याच असल्याचं सांगायला लागले. मग मी विचारलं, बाऊलवर पेरलेले शेंगदाणे आणि त्या पाण्यातली मिरची कुणाची? शेंगदाणे दक्षिण अमेरिकेकडचे, मिरची मेक्सिकोकडची. मिरची तर पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, आमच्या खालच्याच किनाऱ्याला लागली. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, संकेश्वरीचा तोरा वेगळाच, आणि दोघींची पणजी समुद्रापलीकडची. कुणाचं काय, हा वाद आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवा नाही. जेवणाच्या ताटावर तरी तो मी मिटवलेला आहे, कोर्टाचं कोर्टात.

६. विस्तवापुढे हुशारी म्हणजे हात आवरणं. मी मूळची ढवळणारी बाई. कढईत काही पडलं की उलथनं आपोआप हलतं. शेगडीवरच्या जाळीनं हे मला करू दिलं नाही. मासा जाळीला चिकटतो तो भाजायचा राहिलेला असतो म्हणून. खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो. त्याआधी उचलला तर कातडी जाळीकडे राहते आणि मांस आपल्याकडे. खरपूसपणा यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे तापायला हवा, आणि अंगावर ओल असेपर्यंत तो शंभराच्या आसपासच घोटाळतो. म्हणून कोळंबी धुतल्यावर कोरड्या फडक्यानं टिपते, अगदी बाळाला पुसावं तशी. मुरवायला तेल, लसूण, ठेचलेला गवती चहा, चिमूटभर गूळ. लिंबू शेवटी, आंबटात फार वेळ ठेवलं तर मांस विस्तवाआधीच पांढरं पडून घट्ट होतं. कोळंबीचा राखाडी-निळसर रंग विस्तवावर केशरी होतो, कारण तो रंग आत आधीपासून असतो. प्रथिनानं धरून ठेवलेला, उष्णतेनं सोडवलेला. ती अर्धचंद्रासारखी वळली की उतरवायची. पुरतं वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. माणक्यांचा हिशेब तर निराळाच. एकतर दोन मिनिटांच्या आत काढा, नाहीतर अर्ध्या तासाच्या वर शिजवत बसा. मधल्या वेळात त्या चावता येत नाहीत. आयुष्यात मी बहुतेक सगळ्या गोष्टी त्या मधल्या वेळातच करत आले, म्हणून हा नियम मला विशेष लागला.

७. चमच्यावर चाखलेलं पाणी जरा जास्तच वाटलं पाहिजे. फिश सॉस, लिंबाचा रस आणि गूळ प्रत्येकी एक वाटा, पाणी तीन-चार वाटे, त्यात ठेचलेला लसूण आणि मिरची. नुसतं प्यायला ते आक्रस्ताळं लागतं, पण त्याला नूडल्सचा सगळा अळणीपणा एकट्यानं पेलायचा असतो. साखरेऐवजी गूळ हा माझा आगाऊपणा. उसाच्या मुलखात राहून पांढरी साखर घालायला हात धजत नाही. फिश सॉसची बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा आमच्या घरच्यांनी खिडक्या उघडल्या. छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने ठेवून निथळलेलं ते पाणी, वास असणारच. सुकटीची चटणी मात्र याच गृहस्थांना भाकरीबरोबर रोज चालते. सासूबाई वांग्याच्या भाजीत मूठभर सुका जवळा टाकतात तेव्हा भाजी एकदम मोठी होते; का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. उत्तर टोकियोत होतं. तिथल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून चव खुलवणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि १९१३ मध्ये त्यांच्या शिष्यानं सुक्या माशातून दुसरं तसंच एक द्रव्य शोधलं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. फिश सॉस संपलेला असतो तेव्हा मी जवळा भाजून, थोड्या गरम पाण्यात भिजवून, गाळून घेते आणि टोमॅटोचा रस घालते. व्हिएतनामी माणूस ते ओळखणार नाही, पण परतही पाठवणार नाही.

८. गावात आपण काहीतरी नवीन आणतोय, असं वाटलं की आधी शेजारी विचारावं. आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, तेव्हा आसपासच्या कुठल्याही गावात असे मामा असतातच. एका संध्याकाळी त्यांना बाऊल नेऊन दिला आणि नूडल्स कशा खायच्या ते समजावून सांगायला लागले. त्यांनी शांतपणे दोन काड्या धरून खायला सुरुवात केली. तवांगकडे पोस्टिंगला असताना शिकले होते म्हणे. "तिथं थुक्पा म्हणायचे. थंडीत वाटी धरली की आधी हात शेकायचे, मग खायचं. तुमचा ह्यो गारच असतोय काय?" मी गप्प. याच रेजिमेंटची माणसं मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या लढाईत होती, युद्ध संपल्यावर जावात उतरली. त्यांनी काय काय चाखलं असेल आणि सुट्टीवर आल्यावर भाकरी मोडताना त्यातलं किती सांगितलं असेल, कोण जाणे. आणि मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. नूडल्सचा वाफाळता वाडगा आमच्यापासून काही तासांवर कधीचा उकळतोय. मला तो बंगळुरूहून यावा लागला. आता पावसाळ्यात मामांसाठी मी गरम रस्सा करते आणि त्यांच्याकडून दाद कमी, सूचना जास्त येतात.

९. बाऊल माणसांची वाट बघत नाही. माणसांनी त्याची बघावी. आपलं कालवण सोशिक असतं. कुणी आंघोळीला गेलं, कुणाचा फोन आला, तरी ते चुलीवर बसून राहतं आणि उलट मुरतं. या बाऊलमध्ये नूडल्स गार आणि सुट्या, काकडी करकरीत, पाला टवटवीत, मासा चटका देणारा, असं सगळं एकाच क्षणी हवं. पाच मिनिटांत गार गरम होतं, गरम गार होतं, आणि खाली राहतो तो ओला गुंता. म्हणून आमच्याकडे आता आधी माणसं बसतात, मगच मासा विस्तवावर जातो. ज्या घरात "या जेवायला" या हाकेचा अर्थ अजून पाऊण तास आहे असा घेतला जातो, तिथे ही क्रांती आहे. सगळ्या वस्तू मी वेगवेगळ्या शिजवून, कोपऱ्या-कोपऱ्यात रचून पुढे ठेवते, आणि सासूबाई पहिल्या घासाआधी सगळं हातानं कालवून एकजीव करतात. पहिल्यांदा जीव कळवळला. मग लक्षात आलं, विस्तवापुढे हात आवरायला शिकले, तर ताटापुढेही आवरायला हवा. तिथून पुढे ते त्यांचं जेवण असतं. "बरं लागतंय की," त्या म्हणतात, बोटं चाटत.

१०. एकाच घरात चार चवी नांदवायला हा प्रकार फार सोयीचा आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तो टिकला. नूडल्स, पाला, शेंगदाणे, पाणी सगळ्यांना तेच. ज्याचा वार आहे त्याला वरती पनीर किंवा अळंबी, ज्याचा नाही त्याला कोळंबी. पाणी मात्र मग दोन वाट्यांत. एकात फिश सॉस, दुसऱ्यात मीठ आणि कोकम. जाळीही दोन. एका भांड्यातलं कालवण असतं तेव्हा एकाच्या उपासापायी साऱ्यांना वरणभात, किंवा एकासाठी वेगळी चूल. इथे कुणाचं कुणावाचून अडत नाही आणि बसायचं मात्र एकत्र. लेक याला मॉडर्न म्हणते. मी याला भांडणं कमी होणं म्हणते.

तरी कुणी असं समजू नये की सांबऱ्यातून कालवण हद्दपार झालं. उद्या बुधवार आहे. डब्यात कोळंबी किंवा माणक्या निघाल्या तर बाऊल. पण चांगली जाड सुरमई निघाली तर नारळ फोडणार, तिरफळं काढणार आणि कालवणच करणार. लेकीला फोनवर काय सांगायचं ते नंतर बघू.